पावणेआठची व्हॅन की गावातली अंगणवाडी?

पत्र

नमस्कार ताई,

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या बाजूला. मुलगा येत्या 1 जूनला 3 वर्षे 7 महिन्यांचा होईल. गावात अंगणवाडी आहे, पण तिथल्या टीचर कानडी. गेल्या वर्षी आठ दिवस पाठवला, रोज रडला. त्या काय बोलतात तेच त्याला कळत नव्हतं. मग बंद केलं. आमचे हे बेळगावात उद्यमबागेत वर्कशॉपमध्ये आहेत. ते म्हणतात, यंदा खानापुरात इंग्लिश मीडियमला एलकेजीत घालू. व्हॅन पावणेआठला येते, परत यायला दीड वाजतो. जावेची मुलगी तिथंच जाते, एबीसीडी आणि 1 ते 50 लिहिते. आमच्या पोराला अजून पेन्सिल धरता येत नाही. सासूबाई म्हणतात, "राहू दे की घरात. सहा वर्सं झाली की मराठी शाळंत घालू. तुमी सगळी तशीच शिकलासा न्हवं?" मला दोघांचंही पटत नाही आणि दोघांना तोडताही येत नाही. मी दहावी शिकलेली. रोपलावणीच्या दिवसांत तर त्याच्याकडं बघायलाही कोणी नसतं. काय करू?

— एक आई

उत्तर

आधी सांगून टाकते. यंदा व्हॅन नको, आणि सहा वर्षांपर्यंत घरही नको. मुलाला गावातल्याच अंगणवाडीत पुन्हा पाठवा, पण गेल्या वर्षीसारखं दारात सोडून माघारी फिरू नका. हे पुन्हा पाठवणं कसं करायचं, यावरच मला जास्त बोलायचं आहे. पण निर्णय तुमच्या एकटीचा नाही, हे पत्रावरून दिसतंच आहे. म्हणून घरातल्या दोघांशी बोलायला तुमच्या हाती थोडा ऐवज देते.

यजमानांपासून सुरुवात करू. वर्कशॉपमधल्या माणसाला माप आणि हिशेब लवकर पटतो. कर्नाटकात पहिलीत बसायचं तर 1 जूनला मुलाची 6 वर्षं पूर्ण हवीत, हा नियम 2025-26 पासून आला. त्या पहिल्या वर्षी ओरड झाली म्हणून तेवढ्या वर्षापुरती 5 वर्षे 5 महिन्यांची सवलत दिली गेली. आता तुमच्या मुलाचं मोजा. यंदा एलकेजीत बसला तर यूकेजी संपवून तो पहिलीच्या दारात येईल तेव्हा 5 वर्षे 7 महिन्यांचा असेल. नियमाला पाच महिने कमी. म्हणजे एक वर्ष कुठल्या तरी वर्गात पुन्हा काढायचं, तेही फी आणि व्हॅनभाडं भरून. याउलट पुढच्या जूनला एलकेजीत गेला, तरी पहिलीत तो त्याच वर्षी पोचणार. वर्षभर आधी निघून पोरगं एक दिवसही आधी पोचत नाही. प्रवेशाच्या वेळी बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसात नियमाची खात्री करून घ्याच, पण यंदाची घाई कशासाठी, हे आज रात्री जेवताना विचारायला हरकत नाही.

दुसरा हिशेब झोपेचा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात हाच आकडा आहे. पावणेआठची व्हॅन म्हणजे सव्वासहाला उठवणं. तेवढी झोप व्हायची तर आठला मूल अंथरुणावर हवं. खेड्यातल्या कुठल्या घरात आठला जेवणं उरकतात? त्यात तुमच्या बाजूचा जुलै-ऑगस्टचा पाऊस. ओढ्याला पाणी आलं की मोठी माणसं घरात बसतात आणि व्हॅनमधली पोरं मात्र ओल्या दप्तरानं जाऊन येतात, हे चित्र जांबोटीपासून लोंढ्यापर्यंत कुणालाही नवीन नाही.

इंग्रजीची त्यांची ओढ मी हसण्यावारी नेणार नाही. साहेब इंग्रजीत बोलतो आणि आपण मान डोलावतो, हे ज्यानं रोज सोसलंय, त्याला मुलासाठी इंग्रजी हवी असणारच. फक्त त्यांना एक विचारा: जावेची मुलगी एबीसीडी लिहिते, पण "मला भूक लागलीय", "माझं नाव अमुक" एवढं तरी इंग्रजीत आपणहून कधी बोलली आहे का? अक्षरं गिरवणं म्हणजे भाषा येणं नव्हे. ज्या मुलाला आपल्या भाषेत गोष्ट ऐकून "मग पुढं काय झालं?" म्हणता येतं, दोन वाक्यं जोडता येतात, शब्दाच्या सुरुवातीचा आवाज ओळखता येतो, ते मूल पुढे इंग्रजी वाचायला लवकर लागतं. इंग्रजी वर्ष-दोन वर्षं उशिरा सुरू झाली म्हणून पळून जात नाही. पाया मात्र याच वर्षांत बसतो.

आता पेन्सिलचं. तुमच्या पत्रातली खरी काळजी हीच आहे, असं मला वाटलं. साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढतं. चारच्या सुमाराला अधिकचं चिन्ह. चौकोन साडेचार-पाचला, आणि त्रिकोण त्याहूनही पुढे. तिरकी रेघ हाताला उशिरा येते, आणि इंग्रजीचं पहिलंच अक्षर दोन तिरक्या रेघांचं आहे! साडेतीन वर्षांच्या मुलाकडून ते पानभर लिहून घ्यायचं म्हणजे जे बोटांत अजून आलेलंच नाही ते धाकानं बाहेर ओढायचं. मुलं लिहितात, कारण मारापेक्षा लिहिणं सोपं असतं. पण पेन्सिल मुठीत आवळून धरायची सवय लागते ती लागतेच, आणि वहीचा कंटाळाही तेव्हापासूनच सुरू होतो. तुमच्या मुलाला गोल काढता येतो का, एवढंच बघा. कोळशानं, खडूनं, काठीनं अंगणात, कशानंही. काढत असेल तर तो त्याच्या वयाच्या जागी आहे. आणि जावेची मुलगी वयानं मोठी असेल तर तुलना करूच नका. नसली तरी करू नका.

सासूबाईंचं म्हणणं वेगळ्या जातीचं आहे. त्या म्हणतात ते त्यांच्या काळापुरतं खरं होतं. तेव्हा एका घरात पाच-सहा पोरं, शेजारच्या घरात तेवढीच. गोठा, खळं, ओढा, गजगे, चिंचोके, लंगडी. मोठ्या बहिणीच्या कडेवरून धाकटं सगळं शिकायचं. तीच बालवाडी होती, फक्त तिला कुणी बाई नेमलेली नव्हती. आज तुमच्या घरात लहान मूल एकच, गल्लीतली निम्मी पोरं व्हॅनमध्ये, आणि तुम्ही रोपलावणीला गेलात की त्याच्या हातात मोबाईल. (कोणाच्या घरात नाही म्हणा!) त्याच 2019 च्या सूत्रांत तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको म्हटलं आहे, आणि तेही कमी केलं तर बरं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणून तर त्या धोरणानं वय 3 ते 8 हा शिक्षणाचा पहिला टप्पा धरला. सहा वर्षं वाट बघायची म्हणजे या टप्प्याचा निम्मा भाग मोबाईलच्या स्वाधीन करायचा.

पण सासूबाईंना वादात हरवू नका. त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी ना कॉन्व्हेंटकडे आहे, ना अंगणवाडीच्या किटमध्ये. तिच्याकडे थोड्या वेळानं येते.

आता अंगणवाडी आणि कानडी टीचर.

गेल्या वर्षी मुलगा रडला त्याचं कारण भाषा, असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, भाषा हे निम्मंच कारण होतं. बाकी निम्मं एकटेपणाचं. मराठी बोलणाऱ्या बाईंकडे सोडलेली तीन वर्षांची मुलंही पहिले आठ-दहा दिवस रडतातच. तुम्ही नेमकं रडं ओसरायच्या वेळेला त्याला काढून घेतलंत. नव्या भाषेत पडलेलं लहान मूल आधी गप्प होतं. कधी काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही. त्या काळात ते ऐकत असतं, बघत असतं, इतरांच्या मागून उठत-बसत असतं. मग एक दिवस घरी येऊन "हालु बेकु" (दूध हवं) म्हणतं आणि आजी कपाळाला हात लावते. घाबरायचं कारण नाही. चार वर्षांच्या आत दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल तोतरं होत नाही, मागं पडत नाही, आणि आपली भाषाही विसरत नाही, घरात ती भरपूर बोलली जात असेल तर. वाक्यात दोन्हींची मिसळ करेल. बेळगावातली मोठी माणसं तरी दुसरं काय करतात?

मात्र दिवसभर नुसती परकी भाषा, आणि आपलं म्हणणं समजणारं एकही माणूस नाही, हे साडेतीन वर्षांच्या मुलावर लादू नये. एवढ्यासाठी मी म्हणते की या वेळी तयारीनं पाठवा.

शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा टीचरना भेटा. हात हलवत जा, कागद घेऊन नको. आपल्या सीमाभागात कुठलाही प्रश्न पडला की निवेदन द्यायची सवय आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती बरोबरही आहे. पण इथं समोर सरकार नसून एक बाई आहे. तीही कुठून तरी बस धरून येते, मानधनावर काम करते, रजिस्टरं भरते, प्रत्येक मुलाचं वजन-उंची मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये चढवते, सर्व्हे करते, गरोदर बायकांचं जेवण बघते, आणि उरलेल्या वेळात तुमच्या मुलाला शिकवते. सीमाप्रश्नाचं ओझं तिच्या डोक्यावरही नको आणि तुमच्या मुलाच्या पाठीवरही नको. तिला एवढंच सांगा: मुलगा कानडी बोलत नाही, तो घाबरतो, आणि त्याचे हे हे शब्द आहेत. शी, शू, पाणी, पोटात दुखतंय, आईकडे जायचंय. सहा-सात शब्द. ते तिला मराठीतून कळले की निम्मं काम झालं. मुलालाही घरी पाच-सहा कानडी शब्द खेळता खेळता शिकवा: बा (ये), ऊटा (जेवण), हालु (दूध), नीरु (पाणी), बेकु (हवं), बेडा (नको). तुम्हाला कानडी येत नसेल तर बाजारात जेवढी येते तेवढी पुरे.

मदतनीस बाई बहुधा तुमच्याच गावच्या असतील. त्यांना विश्वासात घ्या. पहिले काही दिवस मुलगा त्यांच्या आसपास बसला तरी चालेल. पहिल्या आठवड्यात तुम्हीही तासभर तिथं बसा, मग अर्धा तास, मग दारापर्यंत. गल्लीतलं दुसरं एखादं मूल त्याच वेळी जाईल असं बघा. दोघं मिळून गेली की रडं निम्म्यावर येतं. निघताना त्याला सांगून निघा. चुकवून पळालात तर दुसऱ्या दिवशी तो तुमचा पदर सोडणार नाही, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

तासभर बसाल तेव्हा डोळे उघडे ठेवून बसा. भिंतीवरची चित्रं बघून अंगणवाडीची परीक्षा करू नका. ती चित्रं सुपरवायझरसाठी असतात आणि पुष्कळदा मुलांच्या डोक्याच्या वर हातभर टांगलेली असतात. बघायचं ते असं: मुलं बोलतात का, की नुसती हाताची घडी? टीचर मुलाला नावानं हाक मारतात का? रोज एखादी गोष्ट होते का? मुलांच्या हातात काही असतं का: मणी, ठोकळे, बिया, माती? दूध-जेवण झाल्यावर सगळी आवरून घरी, की त्याच्या आधी-नंतर काही घडतं? केंद्र सरकारनं मे 2023 मध्ये 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं, त्यात रोज किमान दोन तास शिकण्याचे धरले आहेत. 2024 मध्ये 3 ते 6 वयासाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रमही आला. कर्नाटकात त्याच्या कितीतरी आधीपासून 'चिलिपिली' आहे. कागदावर कमी नाही काहीच. दोन तास प्रत्यक्षात होतात का, ते तुम्हाला तासभर बसूनच कळेल.

एक गोष्ट हमखास दिसेल. खेळण्यांचं किट कपाटात आणि कपाटाला कुलूप. टीचर आळशी म्हणून नव्हे. ठोकळा हरवला, बाहुली मोडली तर तपासणीच्या वेळी जाब तिला द्यायचा असतो, ही भीती. याला उपाय तुमच्या हातात आहे. कर्नाटकात प्रत्येक अंगणवाडीला बालविकास समिती असते. त्यात मुलांच्या आया असतात आणि टीचर सचिव असते. बहुतेक गावांत ही समिती सही करण्यापुरतीच जमते. तुम्ही तिच्या बैठकीला जा. "खेळणी मुलांच्या वापरासाठी काढावीत, वापरताना मोडली तर समितीची हरकत नाही" एवढा ठराव वहीत लिहून घ्या. टीचरच तुम्हाला दुवा देईल. दहावी शिकलेली आई त्या समितीत म्हणजे टीचरला मोठा आधार.

आणि किट नाहीच निघालं तर? 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीकडे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. साधनं कोणती? पानं, बिया, शिंपले, काड्या, माती. परदेशातून आलेल्या महागड्या लाकडी साधनांचं काम त्यांनी गावात पडलेल्या वस्तूंकडून करून घेतलं. सरकारी एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला आली. तुमच्या गावात काजूच्या बिया आहेत, चिंचोके आहेत, बांबूच्या कामट्या आहेत, भाताच्या लोंब्या आहेत. मुलानं दहा काजूबिया एकेक बोट लावून मोजल्या की त्याला दहा कळले. वहीत 50 लिहिणाऱ्या मुलाला "सात बिया दे" म्हणून बघा. पुष्कळ मुलं मूठभरून देतात.

आता सासूबाई. त्यांना गोष्टी येतात का? त्या वयाच्या बाईला येत नाहीत असं होत नाही. जात्यावरच्या ओव्या, सासू-सुनेच्या कहाण्या, कोल्ह्या-माकडाच्या, यात्रेच्या, जंगलात कोणाला गवा आडवा आला त्याच्या. आठवड्यातून एक दिवस त्यांनी अंगणवाडीत जाऊन मराठीतून गोष्ट सांगावी, असं टीचरना सुचवा. नाही म्हणायचं त्यांना कारण नाही. 2020 च्या धोरणात आणि ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय आराखड्यात या वयात शक्यतो मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. टीचरला मराठी येत नसेल तर गावानं ती भाषा आत आणून द्यायची. सासूबाईंना मराठीची काळजी आहे ना? मग घरात बसून ती राखता येणार नाही, हे त्यांना सुनेनं सांगण्यापेक्षा टीचरच्या आमंत्रणातून कळलेलं बरं. गोष्ट मराठीतून, गाणं कानडीतून, हे एका छपराखाली छान चालतं. सीमाभागातल्या मुलाला याहून चांगली सुरुवात मी तरी कल्पू शकत नाही.

माध्यमाचं भांडण मात्र आज काढू नका. पहिलीला तीन वर्षं आहेत. तेव्हा मराठी शाळा, कानडी की इंग्रजी, हा निर्णय पालकांचा. 6 मे 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाच्याच प्रकरणात हे ठरवलं, सरकारला मातृभाषेचं माध्यम लादता येत नाही म्हणून. दुसऱ्या बाजूला, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक वयात मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी राज्यानं द्याव्यात असं राज्यघटनेचं कलम 350 अ सांगतं. सासूबाईंना सांगायला हे कलम, यजमानांना सांगायला तो निकाल. आणि दोघांनाही सांगायला आणखी एक: 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर मराठी शाळेतल्या मुलालाही कानडी शिकावीच लागते. त्यामुळे मराठी शाळेत घातला तर पुढं सरकारी कचेरीत, बँकेत, उताऱ्यासाठी रांगेत अडेल, ही भीती पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. अंगणवाडीत कानडी कानावर पडलेला तुमचा मुलगा तर तिथं दोन पावलं पुढंच असेल. तुमचं स्वतःचं मत तोवर पक्कं करा. माझं विचाराल तर मी पहिली ते चौथी मराठीच म्हणेन, पण तुमच्या गावची मराठी शाळा त्या वर्षी कशी चालते हे बघून.

जेवणाचंही सांगते, कारण व्हॅनच्या डब्यात काय जातं ते मी पुष्कळ पाहिलंय: बिस्किटं आणि पाच रुपयांची कुरकुरीत पुडी. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अंगणवाडीतल्या 3 ते 6 वर्षांच्या मुलाला ठरलेल्या प्रमाणात कॅलरी आणि प्रथिनं देणारं जेवण मिळालं पाहिजे. शिवाय 2013 पासून कर्नाटकात क्षीरभाग्य योजनेचं 150 मिलिलिटर दूध आहे, अंडंही असतं. महिन्याला वजन होतं. मुलाचं वजन कार्डावर वर चाललंय की आडवं, ते टीचरना विचारत जा. तो आकडा एबीसीडीपेक्षा महत्त्वाचा.

हे सगळं करूनही तुम्हाला दिसलं की अंगणवाडी उघडतच नाही, टीचर मुलांवर हात उगारतात, किंवा जेवणापलीकडे काहीच होत नाही, तर पोराला तिथं कुजवू नका. आधी सुपरवायझर, मग तालुक्याचं सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिस. तिथं मात्र निवेदन द्या, चार आयांच्या सह्या घेऊन. त्या दरम्यान चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी अंगणवाडी आहे का बघा. काही सरकारी शाळांत आता एलकेजी-यूकेजीही सुरू झाली आहे. पुढच्या वर्षी जवळच्या गावात असेल तर तो पर्याय यजमानांनाही पटेल.

राहिलं ते "मी दहावीच". बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पाच-सहा ओळींत घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं जसंच्या तसं मांडलंत, कुणाला वाईट न ठरवता. असं बोलणारी आई ज्या मुलाला मिळते त्याला शब्दांचा तुटवडा पडत नाही. भाकरी थापताना पिठाचा गोळा त्याच्या हातात द्या. तो वळला, दाबला, चपटा केला की बोटं पेन्सिलीला तयार होतात. शेंगा सोलायला बसवा. कपडे वाळत घालताना चिमटे त्याला लावू द्या. शेताकडे जाताना काय काय दिसलं ते येताना त्याच्याकडून ऐका, आणि मध्येच चुकीचं सांगा, "आपण म्हशीला भेटलो ना रे?" म्हणून. तो तावातावानं दुरुस्त करेल. रात्री एक गोष्ट, तीच तीच असली तरी चालेल. त्या वयात त्यांना तीच हवी असते. रोज वेगळा वेळ काढायची गरज नाही, जे करताय त्यात त्याला घ्या.

एक गोष्ट पत्रात नाही, म्हणून विचारते. घरात मराठीतून तो नीट बोलतो ना? तीन-चार शब्दांची वाक्यं, "मला ते पायजे", "बाबा कधी येणार" अशी? मागून हाक मारली तर वळतो? बोलत असेल तर वर लिहिलंय तेवढं पुरे. पण घरच्या भाषेतही एक-दोन शब्दांवरच अडत असेल, किंवा हाकेला वळत नसेल, तर दोष कानडी टीचरचाही नाही आणि मराठीचाही नाही. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. कधी येणार ते टीचरना विचारून ठेवा, आणि त्यांना यायला वेळ असेल तर वाट न बघता खानापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.